घरचा दोष

आमच्या घरात भांडणं कोकणीत व्हायची आणि पत्रं मराठीत लिहिली जायची. दादा, माझा थोरला भाऊ, पार्से गावच्या मराठी शाळेत मास्तर होता. तो मात्र गंभीर झाला की शाळेतलं मराठी बोलायचा. त्यानं ते सुरू केलं की आई हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघायची.

हे मुद्दाम सांगते, कारण याच गोष्टीनं आम्ही फसलो. राजभाषा कोणती यावरून गोव्यात वाद पेटला होता, घटक राज्य होणार म्हणून चर्चा होती, आणि पेडण्यात बस स्टँडपासून पाववाल्या पोदेराच्या सायकलीपर्यंत जो तो भाषण करत होता. मी तिथल्या सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. आमचे साहेबसुद्धा फाइल बाजूला सारून अर्धा अर्धा तास तावातावानं बोलायचे. अशा गावात एक मास्तर दिवसरात्र बोलत सुटला, तर कुणाला संशय येणार?

काजूचा हंगाम होता. दादाला जबरदस्त ताप आला. कोरगावच्या आमच्या घरात पंधरा दिवस तो खिडकीजवळच्या खाटेवर पडून होता. ताप उतरला, आणि उठला तो उठलाच! झोप नाही, जेवणाची शुद्ध नाही. सोमवारी मराठीच्या बाजूनं भाषण ठोकलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बुधवारी तितक्याच आवेशानं कोकणीच्या बाजूनं बोलला, त्यालाही टाळ्या. मी घरी येऊन हसत हसत आईला सांगितलं, "तुझो झील आता आमदार होतला." मेली माझी जीभ! आजही ते आठवलं की स्वतःचा राग येतो.

मग एका दुपारी कोल्हापूर-बेळगावकडचे कामगार त्याला हाताला धरून घरी घेऊन आले. पेडण्यात एका नव्या इमारतीचा स्लॅब घातला होता. दादा वर चढला आणि ओल्या सिमेंटवर खिळ्यानं अख्खी बाराखडी कोरून त्यानं त्या लोकांची शाळाच भरवली. मुकादमानं शिव्या घातल्या तरी हा उतरेना. पायांना सिमेंट, ओठ फुटलेले, डोळे लाल. त्यांच्यातली एक बाई आईला म्हणाली, "मास्तरचं चित्त थाऱ्यावर न्हाई, आई. दवाखान्यात न्या." आम्हा शिकलेल्यांना जे दिसलं नाही, ते तिला दिसलं.

पण आमच्याकडे दवाखान्याच्या आधी देव. काका आला आणि देवळात कौल लावायचं ठरलं. भटजींनी देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या, काकानं गाऱ्हाणं घातलं, "दोष घरचो आसात तर उजवी दी, भायलो आसात तर डावी." आम्ही हात जोडून उभे. बराच वेळ काहीच हललं नाही. मग उजवी पाकळी सुटून खाली आली.

काकाला वाटलं, पूर्वजांचं काही राहिलं असेल, शांत करू. पण मी आईकडे बघत होते. ती मटकन खाली बसली आणि पुटपुटली, "घरचो म्हणजे माझो."

"तुझो कसो? काय केलंस तू?" मी विचारलं.

"तू गप रव, बाय. माका ठावक आसा."

मी तिथल्या तिथे ठरवलं, एक तर दादाला डॉक्टरकडे न्यायचं आणि दुसरं, आईच्या डोक्यातला हा दोष उपटून काढायचा. काका ओरडला, "देवाचो शब्द मोडतंस?" मी म्हटलं, "देवान दोष खंय तो सांगलो. औषध घेऊ नको म्हणून खंय सांगलो?" दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मी दादाला आणि आईला म्हापशाला नेलं.

डॉक्टरनी आजाराचं नाव सांगितलं. कधी मन उधाणासारखं चढतं, कधी पार तळाला जातं, आणि ताबा माणसाच्या हातात राहत नाही. लिथियमच्या गोळ्या दिल्या, ठरल्या वेळी रक्त तपासायला सांगितलं. आणि मी आईबद्दल विचारलं तेव्हा कागदावरून मान वर न करता म्हणाले, "घराण्यात असतं हे." बस्स, इतकंच. आई बाकावर बसून ऐकत होती. तिनं मान हलवली, जणू पुन्हा एक पाकळी उजवीकडे पडली.

पुढचे महिने सोपे नव्हते. दादा चढला होता तसाच खाली आला. भिंतीकडे तोंड करून बसायचा, दाढी वाढलेली, "मी कशाला जगतो?" एवढंच विचारायचा, तेही मराठीत. गाव बोलत होतं. माझी दोन स्थळं परत गेली. गेली तर गेली, मी काही पंचारती घेऊन वाट बघत बसले नव्हते! आईनं मात्र एक काम स्वतःकडे घेतलं. गोळी तिच्याच हातानं. सकाळी, दुपारी, रात्री ती त्याच्यासमोर उभी राहायची, "आ कर" म्हणायची, गोळी जिभेवर ठेवायची आणि गिळेपर्यंत हलायची नाही. कधी तो दात आवळून बसायचा. ती तास तास उभी राहायची, पण गोळी घालूनच जायची.

तो सावरला. शाळेत परत रुजू झाला. गोळ्यांनी हात कापायचा, फळ्यावरची अक्षरं थरथरायची, तर यानं अक्षरं दुप्पट मोठी काढायला सुरुवात केली. अधूनमधून घसरायचा, आम्ही पुन्हा म्हापशाची बस धरायचो. अशी वर्षं गेली. आई वाकली, माझे केस पिकले. आणि दर खेपेला मी डॉक्टरना तोच प्रश्न विचारायचे, "यात आईचा काही दोष आहे का?" डॉक्टर बदलत गेले. कुणी हसायचं, कुणी घड्याळ बघायचं. मी सोडणारी नव्हते.

शेवटी एक तरुण डॉक्टरीण आली. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि आधी मलाच विचारलं, "पहिल्यांदा आजारी पडले त्याआधी काही झालं होतं?" मी तापाचं सांगितलं. तिनं ते लिहून घेतलं. इतक्या वर्षांत कुणी पहिल्यांदा ते लिहिलं! मग तिनं समजावलं. हा आजार एका कुठल्या गुणानं येत नाही, आईबापांकडून आलेले असे पुष्कळ बारीक गुण असतात. त्यातले काही शरीराच्या राखणदारांचे असावेत, म्हणजे जंतूंशी लढायची आपली जी ताकद असते तिचे. एखाद्याचा राखणदार चोर पळाल्यावरही काठी फिरवत राहतो आणि घरातलीच भांडी फोडतो, तसं तापानंतर मेंदूत होत असेल, असा विचार चालू आहे. "काही जण तर असंही तपासतायत," ती म्हणाली, "की मूल पोटात असताना आईला मोठा ताप आला, तर पुढे धोका थोडा वाढतो का. पण पक्कं कुणालाच माहीत नाही हं. आणि एका माणसाकडे बोट दाखवून तर काहीच सांगता येत नाही."

मी खूश होऊन आईकडे वळले. म्हणजे दोष नाही, जंतू आहेत, नशीब आहे, बघ! पण आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

"बाय," ती डॉक्टरणीला म्हणाली, "ह्यो पोटात आसताना माका ताप इल्लो. पोर्तुगेजांच्या टायमार. गावात घराघरात माणसां पडलेली. दाक्तरान गोळ्यो दिल्यान. सुईण म्हणाली, घेतलंस तर प्वार ऱ्हवचा नाय. मी त्यो सगळ्यो माडाच्या मुळात पुरलंय. वीस दीस तापान फणफणलंय, पण एक गोळी तोंडात घेतलंय नाय." ती टेबलाकडे वाकली. "आता तूच सांग. माझ्या तापान ह्येचो जल्म नासलो मा?"

तर हे होतं! देवळात ती का मटकन बसली, ते मला आत्ता कळलं. इतकी वर्षं ती हे एकटीच उराशी धरून होती, आणि मी तिला सोडवायला निघालेली शहाणी, मीच तिला त्या खुर्चीत आणून बसवलं होतं. मला तिच्या पायावर डोकं ठेवून रडावंसं वाटलं.

डॉक्टरणीनं तिचा हात धरला. "आजी, खोटं सांगणार नाही. तापाचा थोडा हात असेलही, नसेलही. कुणालाच सांगता येणार नाही. पण तुम्ही वाईट काही केलं नाही, एवढं मी नक्की सांगते." आईनं ऐकलं, पण ते आत पोचलं नाही. ती पदराच्या गाठीशी चाळा करत राहिली. त्या गाठीत दादाची दुपारची गोळी होती. घरून निघताना तिनं ती बांधून घेतली होती.

दादा बाजूलाच बसून ऐकत होता. तो उठला, डॉक्टरणीच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि आईसमोर जमिनीवर उकिडवा बसला. ग्लास त्याच्या हातात हिंदकळत होता.

"आई," तो शाळेतल्या मराठीत म्हणाला, "तेव्हा ती गोळी तू घेतली असतीस आणि मी जगलोच नसतो, तर आज ही कुणाला दिली असतीस?"

आईनं पदराची गाठ सोडली, गोळी बाहेर काढली आणि डोळे पुसत म्हणाली, "आ कर."