बसमधला खड्डा

२०२३ साल, मी एकाहत्तर वर्षांचा. अभनपूरच्या बसमध्ये माझ्या बाजूला पांढऱ्या केसांची एक बाई हातातल्या जुन्या व्हिडिओ गेममधल्या बुटक्याले खड्ड्यांवरून उड्या मारायला लावत होती. बुटका उडाला की तिचा खांदाही उडे अन् ती "हव", म्हणजे हो, म्हणे.

मी म्हटलं, "यात काय आहे? द्या इकडे."

बुटका खड्ड्यात पडला, पुन्हा तिथंच पडला. मी म्हटलं, "मशीन खराब आहे."

"भैया, गड्डा तुम्हाले दिसूनच नाही राहिला. चष्मा काहून नाही लावत?"

"चष्मा म्हातारे लावतात."

तिनं आपला चष्मा पदरानं पुसून दिला. या वेळी बुटका पार गेला. माझा खांदा उडाला, तोंडातून "हव" निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या चष्म्याच्या दुकानात जाऊन बजावलं, "डोळे ठणठणीत आहेत. फक्त खड्ड्यासाठी पाहिजे."