दत्तूनं वाजवलेल्या टाळ्या

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. मी एक्केचाळीस वर्षांचा. पुढचं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — बायकोला तर नाहीच, कारण दत्तू तिचा सख्खा भाऊ.

माझी शाळा दुसरीपर्यंत. पण विहिरीवरचं डिझेल इंजिन अडलं की रहिमतपूरच्या आसपासची माणसं मलाच हाक मारायची. त्याची घमेंड होती मला. अजून आहे. दत्तू माझ्या हाताखाली शिकला आणि माझ्या बरोबरीचा झाला. लहानपणी तापात त्याचे कान गेलेले. आम्ही मिस्त्री लोक लोखंडी सळईचं एक टोक इंजिनाला लावतो, दुसरं कानाला, आणि आतला ठोका ऐकतो. हा ती सळई दातांत धरायचा, ठोका त्याला दातांतनं कळायचा. भांडखोर लय. माझं काही चुकलं की चारचौघांत कपाळावर हात मारून घ्यायचा. आमची बोली हातांची, घरातच तयार झालेली. मिशीला पीळ म्हणजे मी. चहा, बायको, इस्लामपूर, हरामखोर — सगळ्याला खुणा होत्या.

त्या साली सांगलीला दोन जिल्ह्यांतल्या इंजिन मिस्त्रींचा दोन दिवसांचा मेळावा भरला. मिस्त्रींचा संघ कामाचे दाखले देणार, आणि दाखला असेल त्यालाच पाणीपुरवठा सोसायट्या कामाला बोलावणार. म्हणजे दाखला नाही तर दत्तूचं पोट गेलं. मी त्याला शब्द दिला होता — तिथं जे बोलतील ते सगळं तुला हातानं सांगेन. त्या शब्दावर तो आला.

सकाळभर सांगितलंही. दुपारनंतर मागून कुणीतरी बोललं, "आवं मिस्त्री, माशा मारताय का?" दुसरा म्हणाला, "न्हाई रं, तमाशात नाच्याची जागा रिकामी हाय, तालीम चाललीया त्येंची!"

मंडप हसला. आता तूच सांग गड्या, एवढ्यानं काय झालं होतं? अंगाला भोकं पडली होती का? पण मी — मिशीला पीळ देणारा मी — दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो.

आणि तेव्हाच ठराव आला. ज्याला ऐकू येत नाही त्याला इंजिनाचा ठोका कळणार नाही, सबब त्याला दाखला देऊ नये. अध्यक्ष म्हणाले, "हरकत असेल त्यानं उभं राहावं. गप्प बसेल त्याचा होकार धरू."

दत्तूपेक्षा गप्प कोण बसणार?

माणसं वळून वळून आपल्याकडं बघतायत हे त्याला दिसत होतं. त्यानं मला कोपरानं ढोसलं. काय? मी मांडीखालून एक हात काढला आणि हलवला — काही नाही, चहाचं चाललंय. ठराव एकमतानं मंजूर झाला. टाळ्या पडल्या. सगळे वाजवतायत म्हणून दत्तूनंही वाजवल्या. त्याच्या टाळ्या नेहमीच जरा जास्त जोरात पडायच्या.

हे झालं एक. पण खरं सांगायचं ते पुढंच आहे.

संध्याकाळी मुक्कामावर ठराव त्याला सांगावाच लागला. तो पेटला. हे झालं कधी? आणि मी खूण केली — तू पाणी प्यायला गेलास तेव्हा. तो गेला होता एकदा, हौदावर. त्यानं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. मी बघत राहिलो.

तेव्हापासून दत्तू कुठल्याही मेळाव्यात एकदा बसला की सुटेपर्यंत जागचा हलायचा नाही. पाण्याचा घोट नाही. माझी बायको म्हणायची, "सांगलीसनं आला की तांब्या तोंडाला लावतोय, तिथं काय दुष्काळ पडलाय व्हय?" मी म्हणायचो, "हट्टी हाय तुझा भाऊ." तो गेल्या वर्षी वारला. शेवटपर्यंत चूक त्याचीच होती, त्याच्या तहानेची.

मेळाव्यात खुणा करून सांगणारा माणूस उभा राहू लागला, तो माझ्यामुळं, असं लोक म्हणतात. नंतर आणखी दोन बहिरे मिस्त्री यायला लागले. माझा हारतुरे देऊन सत्कारही झाला. मी हार घेतला. लोक सांगतात ते खोटं नाही. अर्धं आहे.

ठरावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी मंडपात गेलो. चहावाल्याचं बाकडं उचललं, व्यासपीठाच्या कडेला लावलं आणि वर चढलो. दत्तूला समोर बसवलं. अध्यक्ष आले तसं म्हणालो, "कालचा ठराव फिरवा. ह्याच्यासमोर फिरवा. तवर म्या हितनं उतरत न्हाई." मागं हसले. हात थांबवले नाहीत मी. हसतायत हेही सांगितलं, आणि कोण हसतंय तेही. दत्तू उठला, त्या माणसाकडं बघून हात नाचवले. ते मी मोठ्यानं म्हणून दाखवलं: "तुझं इंजिन बंद पडलं तर तुझ्या बापाला बोलीव, मला नगं."

आता सगळा मंडप त्या माणसाला हसला. अध्यक्ष नरमले. म्हणाले, "फिरवू ठराव. पण मिस्त्री, काल तो झाला तेव्हा हे तुमच्या शेजारीच बसले होते की!"

त्या सकाळी मंडपात जे जे बोललं गेलं ते सगळं मी दत्तूला हातानं सांगितलं. हे वाक्य तेवढं सोडून.