सुलतानबीचं मनगट

लातुरात गंजगोलाईजवळच्या एका बोळात हनीफमियाँचं अत्तराचं दुकान. गिऱ्हाइकं अत्तरवाले म्हणून त्यांनाच ओळखत; पण त्या दुकानाचं खरं नाक होतं त्यांच्या बायकोचं, सुलतानबीचं. दुकानामागच्या खोलीत बसून ती अत्तरं मिसळायची, आणि हनीफमियाँ पुढं बसून तारीफ घ्यायचे.

तिच्या नाकाचा शोध लागला त्र्याण्णवच्या भूकंपात. किल्लारीकडं गावंच्या गावं बसली. लातुरात त्यामानानं थोडक्यात निभावलं. दुकानातल्या फळ्या तेवढ्या कोसळल्या. अर्ध्या बाटल्या फुटल्या, उरल्या त्यांच्या चिठ्ठ्या तेलात भिजून गळून पडल्या. सासरे कपाळाला हात लावून बसले. सुलतानबीच्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. ती फरशी पुसायला म्हणून आत गेली आणि एकेक बाटली नाकाशी धरून सांगू लागली, "हे खस. हा केवडा. हे लवंगाचं तेल. आन् अब्बा, ह्या मोगऱ्यात कुणीतरी चंदन घातलंय, जरा जास्तच पडलंय."

सासऱ्यांनी ती बाटली हुंगली आणि त्या पडझडीतही त्यांना हसू फुटलं. ते जास्तीचं चंदन त्यांच्याच हातून पडलं होतं.

तेव्हापासून मिसळणीचं काम सुनेकडं आलं. सासऱ्यांनी शिकवलं, "बाटलीत अत्तर मुकं असतंय, बेटी. कातडीवर लावलं की बोलतं." वीस वर्षं ती प्रत्येक तेलाचा थेंब मनगटावर घेऊनच पारखत आली.

पुढं लातुरात शिकवण्यांचे दिवस आले. नांदेड, देगलूर, कुठकुठली पोरं डॉक्टर-इंजिनीयर व्हायला येऊन राहू लागली. शिरूर अनंतपाळच्या नीलाबाईंनी गावची शेती दिरांवर सोपवून लातुरातल्या घराचं मुलींचं वसतिगृह केलं. एकदा त्या दुकानात येऊन म्हणाल्या, "भाभी, पोरी दुपारच्याला पुस्तकावर पेंगतात. कायतरी तरतरीचं द्या की."

सुलतानबीनं गवती चहाचं तेल, पेपरमिंट आणि लवंग असं जमवून दिलं. पोरींनी त्याचं नावच 'तरतरी' ठेवलं. हुंगलं की डोळे टक्क उघडायचे. आठ दिवसांत शेजारच्या दोन वसतिगृहांतून मागणी आली, परीक्षा जवळ आल्यावर तर मागची खोली बाटल्यांनी भरून गेली. तेल बोटांवरून ओघळायचं, ती फडक्याला पुसायची आणि पुढची बाटली घ्यायची.

फेब्रुवारीत बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. मग मनगटावर लाल चट्टा उठला. कातडी कोरडी पडून भेगाळली. एका सकाळी पापण्या अशा सुजल्या की आरशात बघून तीच दचकली.

इलाजांना काय तोटा! नीलाबाईंनी भांड्यांचा साबण बदलायला लावला. नणंदेनं नजर उतरवली. हनीफमियाँनी घरातलं वांगं बंद केलं. तसंही ते त्यांना आवडायचं नाही. आणि सुलतानबी स्वतः खोबरेलात लवंगाचं तेल घालून रोज चट्ट्यावर चोळायची, कारण लवंग सगळ्यावर औषध. चट्टा कोपराकडं सरकला.

शेवटी नीलाबाईंनी तिला कातडीच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर वर्षाराणी वयानं लहान, पण बोलायला रोखठोक. हात बघितल्याबरोबर त्यांनी विचारलं, "मावशी, काम काय करता?"

"अत्तराचं. पण आमच्यात भेसळ न्हाई हां. सगळं कुदरती."

"बिब्बा पण कुदरतीच हाय की, मावशी. चोळता का अंगाला?"

नीलाबाई फिसकन हसल्या.

डॉक्टरनी तिच्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक पट्टीखाली एकेका तेलाचा पातळ केलेला अंश. दोन दिवस आंघोळ नाही, आणि घाम येऊ द्यायचा नाही.

"लातुरात? मार्चात? घाम न्हाई?" सुलतानबी म्हणाली.

दोन दिवस ती पंख्याखाली बसून राहिली. हनीफमियाँनी चूल सांभाळली आणि दोन्ही दिवस खिचडीच केली. पट्ट्या निघाल्या, त्यानंतर दोन दिवसांनी डॉक्टरनी पाठ पुन्हा तपासली. गवती चहा आणि लवंग, दोन्ही ठिकाणी लालभडक फोड. पेपरमिंट, गुलाब, खस, चंदन साफ.

"इतकी वर्षं लावलं, काय झालं न्हाई. आताच कसं?"

"रोज रोज पातळ न करता तेल लावून लावून कातडीनं ते ओळखून ठेवलं. आता ती विसरायची न्हाई. ही दोन तेलं हाताला लावायची न्हाईत, जन्मभर."

घरी येऊन तिनं मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं. हात गेला तर धंद्यात आपण कशाला, असं तिच्या मनात आलं. संध्याकाळी मात्र तिला दुसरीच गोष्ट आठवली आणि ती चप्पल घालून थेट वसतिगृहात गेली. मुलींना गोळा करून तिनं विचारलं, "तरतरी तुमी लावता कुठं?"

"कानशिलाला," देगलूरची आलिया म्हणाली. तिनं केस मागं सारले. कानाजवळ तसाच लाल चट्टा होता. "मला वाटलं, अभ्यासाची उष्णता हाय."

सुलतानबीनं सगळ्या बाटल्या परत घेतल्या, आलियाला डॉक्टरकडं धाडलं आणि दुकानात येऊन सांगितलं, "तरतरी बंद."

हनीफमियाँ हादरले. "ऐन परीक्षेत? लोकं काय म्हणतील?"

"लेकरांच्या तोंडावर चट्टे उठवून राहिलो आपण. लोकं ते म्हणतील."

हनीफमियाँनी परत आलेल्या बाटल्या खोक्यात भरल्या. मग तेच म्हणाले, "मग तुझ्या हाताचं काम मी करतो. तू नुसतं सांग."

मागच्या खोलीची बंद खिडकी उघडली. रबरी हातमोजे आले. कागदाच्या पट्ट्या आल्या, त्यांवर थेंब टाकून नाकापासून वीतभर लांब धरायचं. सुलतानबी खिडकीशी खुर्चीवर बसायची आणि हनीफमियाँ ड्रॉपर घेऊन उभे. त्यांचा हात मुळातच सैल.

"दोन थेंब म्हनलं होतं, तुमी तर वाटीच ओतली!"

हे पुढं बसलेल्या गिऱ्हाइकांना ऐकू यायचं. लोक माना लांब करून आत बघायचे. दोन महिन्यांत सगळ्या बोळाला कळलं की अत्तर कोण करतं.

तरतरीऐवजी सुलतानबीनं गुलाब आणि खसाचं हलकं अत्तर केलं. बाटलीवर तिच्याच अक्षरातली चिठ्ठी: फक्त कपड्याला, अंगाला नाही. पेंगणाऱ्या मुलींना तिचा सल्ला होता की तोंडावर पाणी मारा, न्हाईतर अर्धा घंटा सरळ झोपा. नीलाबाईंना त्यातला झोपेचाच जास्त पटला.

हात बरा व्हायला तीन महिने लागले. आलियाचा चट्टा आधीच गेला होता.

पुढच्या लगीनसराईत देगलूरहून ईश्वरप्पा नावाचे शेतकरी आले, लेकीच्या लग्नात पाहुण्यांना लावायला अत्तर हवं म्हणून. हनीफमियाँनी सवयीनं घसा खाकरला, मग हात जोडून म्हणाले, "आत उस्ताद हायेत, त्यांना विचारा."

सुलतानबीनं पदर सारखा केला आणि विचारलं, "लगीन उघड्यावर हाय का मंडपात? आन् पाहुणे किती?"

"मंडपात. आठशे."

"मग मोगरा नको, डोकी दुखतील. बसा, चहा घ्या. सांगते."