तर्कशास्त्राची पंधरा मुलं

चष्मा कपाळावर चढवायचा, ऑफिसच्या खिडकीतून डोकं आत घालायचं आणि हळूच विचारायचं, "भाऊसाहेब, किती झाले?" जून महिना आला की आमच्या कॉलेजातल्या तर्कशास्त्राच्या सरांचा हा रोजचा कार्यक्रम. मी म्हणायचो, नऊ. ते म्हणायचे, "म्हणजे अजून वेळ आहे," आणि जायचे.

नव्वदनंतरची ती वर्षं. मी नाशिकच्या एका कॉलेजात क्लार्क होतो. कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाचे फॉर्म माझ्याकडे यायचे आणि त्यात मुलांना एक खास विषय निवडावा लागायचा. पंधरा मुलं मिळाली नाहीत तर तो विषय बंद आणि शिकवणारा अतिरिक्त. अतिरिक्त म्हणजे संस्था पाठवेल तिकडे निघायचं. सरांची आई पंचवटीतल्या घरी अंथरुणाला खिळलेली. दुपारच्या सुट्टीत सर सायकलवर जाऊन तिला भरवून यायचे. पंधरा हा आकडा त्यांना केवढा होता, ते तुमच्या लक्षात येईल.

अफवा कशी चालते हे तुम्हीही कॉलेजात पाहिलं असेलच. "ते सर लय नापास करतात," एक पोरगा मला खिडकीत सांगत होता. कोण म्हणतं, असं विचारलं तर म्हणाला, "सगळेच म्हणतात." मी त्याला समजावलं की बाबा रे, पेपर विद्यापीठात तपासतात, सर नापास करतील कसे? त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मानसशास्त्रावर खूण केली.

म्हणे एका मुलाने सरांच्या पायी कॉलेज सोडलं. त्या मुलाचा दाखला मी स्वतः दिला होता. त्याला अंबडला कारखान्यात नोकरी लागली होती, ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले होते त्याने. पण पेढ्यांची गोष्ट कोण सांगत बसतो? तर्क शिकवणाऱ्या माणसाचं हे असं व्हावं, याचं मला हसूही यायचं आणि चीडही.

एका वर्षी मी तर्कशास्त्राचा निकाल मुद्दाम नोटीस बोर्डावर लावला. सगळी मुलं पास. पोरांनी तो वाचला आणि ठरवलं की याच एका विषयाचा लावलाय, म्हणजे नक्की काहीतरी गडबड आहे.

मग सरांनाच खिडकीशी उभं केलं. म्हटलं, सर, कोणी विचारलं तर नुसतं सोपा आहे म्हणा. पेठ तालुक्यातली एक मुलगी आली, तिने विचारलं. सरांनी थोडा विचार केला.

"सोपा नाही. पण रोज अर्धा तास दिलास तर जमेल."

मुलीने फॉर्मची घडी घातली आणि रांगेतून बाहेर पडली. मी कपाळावर हात मारून घेतला. सर म्हणाले, "खोटं कसं सांगणार तिला?"

तरी दरवर्षी सोळा, कधी सतरा, असं कसंबसं भागत होतं. मग माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला आली. इंदिरानगरच्या घरी जेवताना तिने विचारलं, "पप्पा, तर्कशास्त्र घेऊ का? मला आवडेल असं वाटतंय."

आठ वर्षं परक्या पोरांची समजूत घालणारा मी. त्या अफवेवर माझा काडीचा विश्वास नव्हता. पण पोटच्या पोरीचा प्रश्न आला आणि वाटलं, चुकून खरं निघालं तर?

"कशाला उगाच? मानसशास्त्र घे," मी म्हणालो.

त्या वर्षी चौदा झाले. शेवटच्या दिवशी सर पाच वाजेपर्यंत खिडकीशी उभे होते. मी मान वर केली नाही.

संस्थेच्या नांदगावच्या कॉलेजात बदली झाल्याचा आदेश आला. सर तो घ्यायला आले. डॉक्टर नको म्हणत होते तरी आईला घेऊन तिकडेच खोली करणार होते. मला त्यांना सगळं सांगून टाकायचं होतं, पण मी रजिस्टरच पुढे सरकवलं. रजिस्टरवर सही करता करता त्यांनीच विचारलं, "तुमची मुलगी यंदा दुसऱ्या वर्षाला ना? काय घेतलं तिनं?"

"मानसशास्त्र."

"छान. त्या मॅडम फार मनापासून शिकवतात. पोरं काहीबाही बोलतात त्यांच्याबद्दल. तिला म्हणावं, लक्ष देऊ नकोस."