शून्यावर आणलेले नॉब

माझ्या धाकट्या भावाकडे गिटारचे दोन अँप होते, आणि त्यांच्या आवाजातला फरक मला कळत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी मात्र समजत होतो की ते मी छान लपवलंय.

तो अकोल्याला पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचा. मी अमरावतीला, राजापेठेत, गणिताच्या शिकवण्या घेतो. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी मी अकोल्याला गेलो की चहाच्या आधीच तो मला आतल्या खोलीत न्यायचा. मेटल वाजवायचा. म्हणजे गाणारा नेमका कोणावर चिडलाय हे शेवटपर्यंत कळत नाही, ते संगीत. मला भिंतीकडे तोंड करून बसवायचा आणि तोच तुकडा आधी एका अँपवर, मग दुसऱ्यावर वाजवायचा.

"आयक, दादा. हा एक. अन् हा दुसरा. सांग, मोठा कोनता?"

मोठा ट्यूबवाला, जुना, दोघांनी मिळून उचलायचा. चालू केल्यावर मिनिटभर नुसता तापत बसायचा. लहाना ट्रान्झिस्टरचा, बटण दाबलं की तयार. गेन, म्हणजे आवाज खरखरीत करणारा नॉब, दोघांचाही चढवलेला, पण भाऊ म्हणायचा, मोठा पावसाळ्यातल्या काळ्या मातीसारखा आहे, पाय उचलला तरी सोडत नाही. लहाना म्हणजे टिनावर पडलेल्या गारा. आल्या, वाजल्या, संपल्या. मला दोन्हीही मिक्सरमध्ये खोबऱ्याचा तुकडा अडकल्यासारखे वाटायचे. मी अंदाजानं "पहिला" म्हणायचो.

"बरोबर!" तो म्हणायचा.

स्वयंपाकघरातून त्याची बायको ओरडायची, "सोडा आता दादाईले! चहा थंडा होऊन राह्यला."

इतक्या वर्षांत माझं एकही उत्तर चुकलं नाही. घरी येऊन मी बायकोला सांगायचो, मला कान आहे. ती म्हणायची, दोन आहेत, पण मी हाक मारते तेव्हा कुठं जातात?

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी कॉलेजला निघताना तो बूट घालायला म्हणून दारात बसला, तो उठलाच नाही. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं.

उन्हाळ्यात भावजयीनं लहान घर घेतलं. तिथं जागा नव्हती, म्हणून दोन्ही अँप गादीत गुंडाळून टेम्पोनं माझ्याकडे पाठवले. फोनवर म्हणाली, "दादा, ठेवा तुमच्यापाशी. फक्त त्या नॉबले हात नका लावू. आदल्या दिवशी त्याईनं वाजवलं, तवाचे तसेच हायेत. वर्षश्राद्धाले त्याईचे दोस्त येऊन वाजवतो म्हनतात. मले तो आवाज एकदा आयकाचा हाय."

"काही काळजी करू नको," मी म्हणालो. हे वाक्य मला फार छान जमतं.

मग दसरा आला. दुखवट्याचं वर्ष, सण करायचा नव्हता. पण यंत्राला कसला दुखवटा, असं म्हणून मी कपडा घेऊन बसलो. आमच्या वडिलांची वलगावला पिठाची गिरणी होती. त्यांचा एक नियम होता: चालत्या यंत्राची पूजा करायची नाही. आधी पट्टा काढायचा, दगडी पाटे सैल करायचे, सगळे खटके खाली पाडायचे. वर्षभर राबलंय, एक दिवस त्याला निवांत बसू द्या. त्या गिरणीत मी आणि भाऊ लहानपणापासून हेच करत आलो. गिरणी गेली, पण माझ्या हातातून नियम गेला नाही. स्कूटरची चावी काढली. शिलाई मशीनची सुई वर केली. कॉम्प्युटरची पिन उपसली. मग अँपवरची चादर काढून धूळ पुसली आणि मोठ्याचे सात, लहान्याचे सात, चौदाही नॉब एकेक करून शून्यावर आणले. कुंकू लावलं. झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले.

हात जोडल्यावर लक्षात आलं.

पुढचा अर्धा तास मी मोठ्याचे नॉब थोडे उजवीकडे, थोडे डावीकडे फिरवत बसलो, जसं काही त्यांनाच आपली जागा आठवणार होती. बायको दारात येऊन उभी राहिली. कुंकवाची डबी उचलून आत गेली. 

दोन महिने मी भावजयीला सांगितलं नाही. वर्षश्राद्धाच्या आधीच्या रविवारी भावाच्या दोस्तांपैकी एकाला मात्र घरी बोलावून घेतलं. हा अकोल्यात लाऊडस्पीकर दुरुस्त करतो; दोघं वीस वर्षं एकत्र वाजवायचे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, पूजा की, या फॅक्टरी रिसेट मारा?"

मग मोठ्याला आपली गिटार जोडून तो आठवून आठवून नॉब लावू लागला. "मिड वो कभी काटता नहीं था. बोलता था, मिड काटला तर एकट्याले लय भारी वाटते, चार जनात वाजवलं की मानूस हरवून जाते." मिड म्हणजे मधले सूर, असं त्यानं मला सांगितलं. बास कमी, गेन थोडा खाली, पुन्हा वर. मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो, सवयीनं. दुपारी केव्हातरी तळहातानं दाबलेली तार वाजली आणि ती मागे रेंगाळली, पायाला धरल्यासारखी.

"आता हा मोठा वाटतो," मी म्हणालो.

"एकदम सही."

"माझं नेहमीच बरोबर येतं."

तो तारा पुसत राहिला. "बुरा मत मानना, दादा. वो बोलता था, दादा के आधे जवाब गलत आते. मैं बोला, फिर बताता काहे को नहीं? तो बोला, बताया तो दादा बैठेंगे नहीं."

मी भिंतीकडेच बघत राहिलो. त्या भिंतीवर एक जुनं कॅलेंडर आहे.

वर्षश्राद्ध आमच्याच घरी झालं. जेवणं उरकल्यावर मी भावजयीला सांगितलं. मी शून्यावर आणले, सगळे. ती खरकटी ताटं एकात एक ठेवत होती. ठेवून झाल्यावर म्हणाली, "वाजवा तर खरं."

दोस्तानं वाजवलं. ती अँपसमोर बसून मान हलवत राहिली. नाही, हे नाही. मग एकदम उठली. "मी इथं बसून कधी आयकलंच नाही. मी तिकडं भाकरी करत राहो. दार लावा."

दार लागलं. आत तो वाजवतोय, मी नॉबपाशी बसलेला, आणि स्वयंपाकघरातून तिचा आवाज: "जाड झालं!" "आता लय पातळ!" वरणाचं सांगावं तसं. मी मिडचा नॉब केसभर पुढे नेला. मग, "हां. हेच."

दोस्तानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. आता मला कळत होतं. जवळ आलं होतं, खूप जवळ, पण त्याचं नव्हतं. त्याच्या आवाजाखाली आणखी एक ओढ असायची, ती यात नव्हती.

ती माझ्या मुलीची नेलपॉलिशची बाटली घेऊन आली. मोठ्या अँपच्या सातही नॉबशेजारी एकेक लाल ठिपका लावला. मग लहान्याकडे वळली. त्याला दसऱ्यानंतर कोणी हातच लावला नव्हता, त्याचे सगळे शून्यावरच होते. तिनं तिथंही सात ठिपके लावले, शून्यावर.

"आता दसऱ्याले खुशाल पूजा करा," ती म्हणाली. मग बाटलीचं झाकण लावता लावता, माझ्याकडे न बघता, "बरोबर हाय ना, दादा?"

"बरोबर," मी म्हणालो.