हेल्मेटवरचं कुंकू

खाली पार्किंगमध्ये शेजारच्या सावंतांच्या मुलीच्या नव्या स्कूटरची पूजा चालली होती. चाकाखाली लिंबू, हँडलला झेंडूचा हार. लायसन्स आणि विम्याचे कागद वडिलांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डिकीत जपून ठेवले. आईने हेल्मेटलाही हळदकुंकू वाहिलं.

"आई, केस विस्कटतात गं."

"बरं, आत्ता चौकापर्यंतच जाऊन ये. हळू चालव."

हेल्मेट आईच्याच हातात राहिलं. आपण कायद्यासाठी कागद ठेवतो, देवासाठी लिंबू. पोरीला मात्र ‘नाही’ म्हणवत नाही. गॅलरीतून ओरडावंसं वाटलं, पण मंगलवेळी अभद्र कसं बोलायचं?

आमची मीराही चौकापर्यंतच गेली होती. तिचं हेल्मेट अजून माळ्यावर आहे. कुंकू तसंच आहे, एक ओरखडा नाही.