आबांनी कालवडीला घातलेली आंघोळ

गोठ्यात शिरताना धोतराचा सोगा दोन बोटांत धरून वर उचलणारा शेतकरी मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे आबा. माझे चुलत सासरे. औंढ्यात त्यांचा गोठा मोठा, पण शेणाला त्यांचा हात कधी लागला असेल तर शपथ! आणि तोंडात सदा एकच, "जनावराचं मन मला इचारा." माणसाचं कधी कळलं नाही, म्हणून जनावराचं सांगत असावेत.

लग्नात वडिलांनी मला बेडशाहून एक गाय दिली होती. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर ती व्याली आणि सहाव्या दिवशी पान लागून, म्हणजे साप चावून, मेली. मागे राहिली कालवड. माहेरचं म्हणून माझ्याजवळ तेवढंच उरलं. त्याच दिवशी आबांच्या कपिलेला मेलेलं वासरू झालं. मी आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. "लाव की तुजी कालवड माज्या गाईला," ते चारचौघांत म्हणाले, "म्या हाय न्हवं!"

होते, पण ओट्यावर. गोठ्यात राबली ती शेजारची अमिनामावशी. वासरामागून कपिलेचा जार, म्हणजे वार, पडला तसा तिने तो कालवडीच्या अंगाला चोळला, वरून मीठ लावलं. "गाय डोळ्यांनी न्हाई वळखत पोरी, नाकानं वळखती," ती म्हणाली. कपिलेने हुंगलं, चाटलं, दुसऱ्या दिवशी पान्हा सोडला. मी तिथेच रडले.

पुढचा दिवस वसुबारसेचा. गावातल्या बायका गाय-वासराची पूजा करायला येणार, आणि आबांना कालवडीचा वास सोसेना. मी ओढ्यावर गेलेली पाहून या शहाण्याने गड्याकडून तिला उटणं लावून ऊन पाण्याने आंघोळ घातली. वर हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ! मी परत आले तर कालवड लाथ खाऊन गव्हाणीखाली पडलेली, आणि आबा बायकांना सांगत होते, "सूनबाईच्या म्हायेरचं वासरूच अवलक्षनी. गाय तरी काय करील?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण बोलते कशी? गाय त्यांची होती.

जार केव्हाच उकिरड्यात पुरला होता. दोन दिवस कपिला तिला जवळ येऊ देईना. अमिनामावशीच्या शेळीचं दूध बोळ्याने पाजत होतो, तरी कालवडीची मान उचलेना. शेवटी मावशीने कपिलेचंच दूध नि मूत तिला चोळलं आणि म्हणाली, "आता येक कुत्रं आन. लय भुकनारं." मी मुद्दाम आबांचंच आणलं. ते कालवडीवर धावताच कपिलेने दावं तोडलं आणि शिंगं रोखून त्याच्यामागे सुटली. दारात तमाशा बघत उभे असलेले आबा सोगा सोडून पळाले ते थेट शेणाच्या खड्ड्यात! कपिला मात्र परत आली, कालवडीला चाटू लागली, आणि कालवड लुचू लागली.

तेव्हापासून आबांची कथा तयार. "म्या आंगुळ घातली, म्हनून गाईनं घेतली." बाजारात, लग्नात, मयतीतसुद्धा. अमिनामावशीचं नाव चुकूनही नाही. मी चिडले की मावशी हसायची. "बोलू दे की भाऊला. कालवड जगली न्हवं?"

आबा गेले. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. मुलांनी शेत न विकण्याचं वचन दिलं, नातीच्या लग्नाचं दिलं. कावळे आपले आंब्यावर बसून. सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. "म्हन की गं, गाय तुमीच लावली म्हनून. जीव त्यातच आडाकलाय त्यांचा." सगळे माझ्याकडे बघू लागले. लांब उभी असलेली अमिनामावशीसुद्धा मानेने 'म्हण, म्हण' करत होती.

मी पुढे झाले, हात जोडले.

"आबा, तुमी आंगुळ घातली. गाय अमिनामावशीनं लावली."

कावळा आला नाही. मग दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो. धारेला उशीर झाला होता. ती कालवड, आता चार वेतांची गाय, दावणीला हंबरत होती.